हलक्या आणि चुनखडीच्या जमिनीत फळबाग: आधी माती, मग खुंट, मग कलम

दरवर्षी जूनच्या तोंडावर एकच प्रश्न येतो, आणि तो उलट्या क्रमाने येतो. कलमांचे पैसे भरलेले असतात, जेसीबीने खड्डे मारून झालेले असतात, आणि मग विचारणा होते, "दादा, जमीन मुरमाड आहे, खाली पांढरं लागलंय. चालेल ना?" तोवर रोपवाटिकेत कोणत्या तरी खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या रोपावर, हव्या त्या जातीचा डोळा भरून (जोडून) झालेला असतो. खत पुढच्या वर्षी बदलता येते, पाण्याची सोय करता येते, जातही वरून कलम करून बदलता येते. जमिनीतला खुंट मात्र बाग उपटल्याशिवाय बदलत नाही.

जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, बदनापूरची मोसंबी, बीडकडच्या बालाघाट डोंगराच्या उतारावरचे सीताफळ आणि माळावर लावलेला केसर आंबा डोळ्यासमोर ठेवून हे लिहितो आहे. या तिन्ही ठिकाणी जमीन गरीब असते, पण गरिबी वेगवेगळी असते. कुठे माती वीतभर आणि खाली मुरूम. कुठे माती हातभर खोल, पण चुनखडीमुळे तिच्यातले लोह, जस्त आणि स्फुरद (फॉस्फरस) मुळांना मिळत नाही. कुठे बोअरच्या पाण्याने क्षार साचलेले. एकच खुंट या सगळ्याला पुरा पडत नाही.

खुंट नेमके काय करतो, तेवढे आधी डोक्यात पक्के करा. तो अन्नद्रव्य तयार करत नाही. त्याच्या हातात चार गोष्टी आहेत. सोटमूळ खोल नेऊन मुरमाच्या फटींतली ओल गाठणे. बारीक मुळांचे जाळे पसरून, त्यांना चिकटलेल्या मायकोरायझा बुरशीच्या मदतीने दूरचा स्फुरद आणणे. मुळांच्या टोकातून आम्ले सोडून चुन्यात अडकलेले लोह सोडवणे. आणि नको असलेले क्षार दारातच अडवणे. कोणता खुंट यातले कोणते काम चांगले करतो, हे बघूनच निवड करायची. आणि जमिनीत काहीच नसेल तर कोणताही खुंट ते आणून देणार नाही, हेही मान्य करायचे.

टप्पा १: बुकिंगच्या आधी खड्डा

मार्च-एप्रिलमध्ये, शेत मोकळे असताना, एकरी किमान दोन ठिकाणी मीटरभर खोल खड्डा घ्या. एक चढावर, एक उतारावर. कुदळ-पहारीने घ्या. जेसीबीने घेतला तर एक बाजू हाताने ताशून घ्या, नाहीतर बकेटच्या दाताने लिंपलेली भिंत काहीच दाखवत नाही.

आता खड्ड्यात उतरा. वरून बघून कळत नाही, उतरावेच लागते. वरचा थर कुठे संपतो ते बोटाने चाचपडा. मुरूम कुठला आहे ते बघा. पहारीचा टोला दिल्यावर भुसभुशीत होऊन पडणारा मुरूम असेल तर मुळे त्यातून जातात. टण्ण आवाज करणारा खडक असेल तर जात नाहीत. मग पांढऱ्या गाठी आणि पांढरे पट्टे शोधा. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. हातमोजे घालून आणि वाऱ्याकडे पाठ करून टाका. बारीक फस्स होऊन थांबले तर चुना थोडा आहे. सोड्याच्या बाटलीसारखे फेसाळत राहिले तर भरपूर आहे. ही चाचणी प्रत्येक वीतभर खोलीवर करा, कारण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वरची काळी माती गप्प असते आणि दोन फुटांखाली जमीन फेसाळते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुळे तिथे पोचतात आणि हिरवीगार बाग अचानक पिवळी पडते. त्या वेळी लोक व्हायरस आला म्हणतात. बहुतेक वेळा तो चुना असतो.

शेवटी खड्ड्यात सात-आठ घागरी पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसेच उभे असेल तर त्या जागी मोसंबीचा विचार सोडा, किंवा आधी चर काढून निचऱ्याची सोय करा.

सावधान: शेजाऱ्याची बाग चांगली आहे म्हणून आपलीही येईल, हा हिशोब माळरानावर चालत नाही. एकाच गटात शंभर पावलांवर जमीन बदलते.

टप्पा २: अहवालातले कामाचे आकडे

त्याच खड्ड्याच्या भिंतीतून ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटरचे तीन वेगळे नमुने घ्या. पिकासाठी घेतो तसा वरच्या वीतभर मातीचा एकच नमुना फळबागेला उपयोगाचा नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत देताना "फळबागेसाठी" असे सांगा आणि मुक्त चुनखडी तपासायला आवर्जून सांगा. नेहमीच्या चाचणीत ती कधी कधी सुटते.

अहवाल आला की हे बघा. सामू (पीएच) ८ च्या वर गेला तर लोह आणि जस्ताची अडचण गृहीत धरा. मुक्त चुनखडी १० टक्क्यांवर असेल तर मोसंबी, लिंबू, संत्रा लावू नये. खुंट कोणताही असो. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांखाली म्हणजे जमीन भुकेली आहे. जस्त ०.६ आणि लोह ४.५ पीपीएमच्या खाली गेले तर कमतरता आहे असे समजतात.

लोहाच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. अहवालात लोह पुरेसे दिसते आणि झाड पिवळे पडते, हे चुनखडीत नेहमीचे. जमिनीत लोह असते, पण मातीतले बायकार्बोनेट मुळांना ते उचलू देत नाही. म्हणून चुनखडीचा आकडा आधी वाचा, लोहाचा नंतर.

पाण्याचाही नमुना द्या. ड्रिपरच्या तोंडावर पांढरी पापडी धरत असेल तर तुम्ही पाण्याबरोबर रोज थोडा चुना जमिनीत घालत आहात.

टप्पा ३: जमिनीवरून खुंट

मोसंबीपासून सुरू करतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

आपल्याकडे मोसंबीला दोनच खुंट प्रामुख्याने दिसतात, जंबेरी आणि रंगपूर लिंबू. जंबेरीचे झाड पहिल्या दोन-तीन वर्षांत जोरात वाढते, रोपवाटिकेतही रोप लवकर तयार होते, म्हणून विकणाऱ्याला सोयीचे आणि घेणाऱ्याला देखणे. पण जंबेरी डिंक्याला लवकर बळी पडते. मुळाशी पाणी साचले की बुंध्यातून डिंक वाहायला लागतो. रंगपूर लिंबू सुरुवातीला थोडे सावकाश, पण चुनखडी, क्षार आणि पाण्याचा ताण जास्त सोसते. पाण्यातले क्लोराइड ते मुळातच बरेचसे अडवते, पानापर्यंत जाऊ देत नाही. मराठवाड्यासाठी मोसंबीला रंगपूरचीच शिफारस होते आणि माझे मतही तेच आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यात मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. तेव्हा कोणताच खुंट पाण्याविना वाचला नाही, हे खरे. पण टँकरच्या पाण्यावर जगवलेली आमच्याकडची जी झाडे पुन्हा फुटली, त्यात रंगपूरवरची जास्त होती.

मोसंबीवर्गीय झाडांना मूळकेस फारच कमी असतात. त्यामुळे गरीब जमिनीत त्यांचे पोट बरेचसे मायकोरायझावर चालते. ही गोष्ट टप्पा ५ मध्ये कामाला येईल.

दुसरीकडून आणलेले त्रिपर्णी (तीन पानांचे काटेरी रानसंत्रे) किंवा त्याच्या संकराचे खुंट कोणी देऊ केले तर चुनखडीत घेऊ नका. थंड, आम्लधर्मी जमिनीत ते उत्तम आहेत. इथे पहिल्याच वर्षी पिवळे पडतील.

केसर आंब्याचे गणित वेगळे. आपल्या गावरान आंब्याच्या एका कोयीतून एकच रोप येते आणि प्रत्येक रोप निराळे. म्हणजे एकाच बागेत शंभर झाडांखाली शंभर प्रकारचे खुंट. बागेत काही झाडे दणकट आणि काही खुरटी राहतात, त्याचे एक मोठे कारण हेच. चुनखडी आणि खारे पाणी सोसणारा १३-१ नावाचा आंब्याचा खुंट इस्रायलमध्ये निवडला गेला, त्याच्या एका कोयीतून एकसारखी अनेक रोपे येतात. पण तो आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे हातात आहे ते नीट करायचे. कोयी रसाच्या कारखान्यातल्या ढिगाच्या न घेता, तुमच्याच शिवारात, तुमच्यासारख्याच मुरमाड किंवा पांढऱ्या जमिनीत उभ्या असलेल्या, पान हिरवेगार असलेल्या जुन्या गावरान झाडाच्या घ्या. त्यातली सगळी रोपे आईसारखी निघणार नाहीत, पण सुरुवात तरी जमीन ओळखणाऱ्या झाडापासून होते.

द्राक्षाला डॉगरिज हा खुंट सगळीकडे आहे. जोमदार आहे, हलक्या जमिनीत आणि क्षारात चांगला चालतो. मात्र भारी जमिनीत वर नत्र घातले की नुसता पालाच वाढतो. पांढरी चुनखडी जास्त असेल तर ११० आर किंवा १४० रगेरी या खुंटांचा विचार करा. त्यांच्या रक्तात बर्लांडिएरी नावाची रानवेल आहे, जी मुळात चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणारी, म्हणून चुना त्यांना नवा नाही.

सीताफळाला सीताफळाचेच रोप खुंट म्हणून वापरा. धारूर, अंबाजोगाईच्या डोंगरात खडकाच्या सांदीत आपसूक उगवणारे हे झाड आहे, त्याला उसनी मुळे कशाला? बोरालाही गावरान रानबोराचाच खुंट, आणि तोही जागेवरच वाढवलेला. वीतभर मातीच्या माळावर, पाण्याची खात्री नसताना मोसंबी लावायचा हट्ट धरण्यापेक्षा हे दोन मार्ग बरे.

पडताळा: पुढे जाण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. खड्ड्यात काय दिसले, चुनखडी किती टक्के, खुंट कोणता. तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींवरून निघत नसेल तर पुन्हा वर जा.

टप्पा ४: रोपवाटिकेत उभे राहून काय बघायचे

माझी स्वतःची चूक सांगतो. एका रोपवाटिकेतून रंगपूरवरची म्हणून मोसंबीची कलमे आणली, पावतीवर नुसते "मोसंबी कलम" लिहिलेले. मी काही विचारले नाही. चौथ्या वर्षी पावसाळा लांबला आणि खालच्या सरीतली झाडे डिंक गाळायला लागली. त्यातले एक झाड वरून मेले, पण जोडाच्या खालून फुटवा आला. तो मी मुद्दाम वाढू दिला. पुढे त्याला फळ लागले. पिवळे, खडबडीत, जाड सालीचे. रंगपूरचे फळ लहान संत्र्यासारखे नारिंगी असते आणि आतूनही नारिंगीच निघते. माझ्या हातात जंबेरी होती. चार वर्षांनी कळलेली ही गोष्ट पावतीवर एक शब्द लिहून घेतला असता तर पहिल्याच दिवशी कळली असती.

म्हणून शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावतीवर जात आणि खुंट दोन्ही लिहून घ्या. लिहून द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊ नका. खुंटाची मातृझाडे दाखवा म्हणा. बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्याकडची कलमे मिळाली तर सर्वांत बरे, पण त्यासाठी नोंदणी फार आधी करावी लागते.

मग कलम हातात घ्या. जोड जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर उंच असावा. दोन बोटांवर भरलेला डोळा मातीला लागतो आणि डिंक्या थेट वर चढतो. जोडाच्या वर आणि खाली जाडी साधारण सारखी असावी. पट्टी रुतून कंबर पडलेली कलमे बाजूला काढा.

आणि एक पिशवी फोडून बघू द्या म्हणा. हे कोणी करत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचे हेच आहे. पिशवीच्या तळाशी मूळ चुंबळीसारखे गोल फिरलेले असेल तर ते रोप पिशवीत जास्त दिवस राहिलेले आहे. ते मूळ जमिनीत गेल्यावरही बरीच वर्षे गोलच फिरते. मुरमात खोल जाणारा खुंट म्हणून तुम्ही त्याला घेतला आणि त्याचे सोटमूळच गुंडाळलेले, मग त्याने अन्न शोधायचे कुठून?

स्वतः रोपे करणाऱ्यांसाठी थोडक्यात. रंगपूरचे बी फळातून काढल्यावर सुकवून ठेवू नका, उगवण झपाट्याने जाते. ताजे बी, सावलीत पुसून, उंच वाफ्यावर. एका बियातून अनेक रोपे निघतात, त्यातली बहुतेक आईसारखी असतात. फार उंच गेलेली, फार खुजी राहिलेली आणि पान वेगळे दिसणारी रोपे निर्दयपणे उपटून टाका. तीच संकरातून आलेली असतात. रोपे पेन्सिलीएवढी जाड झाली आणि साल सहज सुटायला लागली की डोळा भरा.

टप्पा ५: खड्डा, चर आणि भरणी

आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल, मोसंबीला पाऊण मीटर, सीताफळाला अर्धा मीटर. एप्रिल-मे महिन्यात खोदून उन्हात तापू द्या. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. चुनखडीचा पांढरा ढीग तिसऱ्या बाजूला, तो परत आत घालायचा नाही.

मुरमात सुट्या खड्ड्यांपेक्षा ओळीत सलग चर घेणे मला जास्त पसंत आहे. खर्च वाढतो, पण मुळांना निदान दोन दिशा मोकळ्या मिळतात. खड्डाच घेतला तर पहारीने चारही भिंती आणि तळ फोडून घ्या.

आता भरणी. इथे तीन चुका वारंवार दिसतात.

पहिली, तलावातला नुसता गाळ भरणे. गाळ काढण्याच्या योजना आल्यापासून ही चूक वाढली आहे. गाळ चांगला असतो, पण मुरमाच्या खड्ड्यात शुद्ध गाळ भरला की ती एक मोठी कुंडी होते. पावसाळ्यात पाणी आत साचते, उन्हाळ्यात गाळाला भेगा पडून मुळे तुटतात, आणि मुळे कुंडीबाहेर जायला तयार नसतात. मी गाळ चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घालत नाही, बाकी वरची माती आणि भुसभुशीत मुरूम. गाळावरही आम्लाचे थेंब टाकून बघा. पुष्कळ गाळ चुनखडीचाच असतो.

दुसरी, कच्चे शेणखत. त्यात हुमणी आणि वाळवी येते आणि खत कुजताना उष्णता होते. कुजलेले, हातात घेतल्यावर वास न येणारे खत आंब्याच्या खड्ड्याला तीन-चार घमेली, मोसंबीला दोन-तीन. सोबत किलोभर निंबोळी पेंड आणि सिंगल सुपर फॉस्फेट. सुपर फॉस्फेट शेणखतातच मिसळून घाला, नुसते मातीत टाकले तर चुना त्याला लगेच बांधून टाकतो. आणि त्याच घमेल्यात झिंक सल्फेट मिसळू नका. स्फुरद आणि जस्त एकत्र आले की दोन्ही अडकतात.

तिसरी, सगळे जिप्सम घालून सुटेल ही समजूत. जिप्सम चोपण जमिनीचे औषध आहे, जिथे सोडियम जास्त असतो. चुनखडीत आधीच कॅल्शियमची रेलचेल असते. तिथे जिप्समच्या गोण्या म्हणजे पैसे पुरणे.

मायकोरायझा लावणीच्या वेळी थेट मुळांना लागेल असा टाका. वर शिंपडून उपयोग नाही, कारण त्याला जिवंत मूळ लागते. त्याच आठवड्यात बुरशीनाशकाची आळवणी करू नका, आणि स्फुरदाचा भडिमारही करू नका. स्फुरद भरपूर मिळाला की मूळ त्या बुरशीला जवळ करत नाही.

खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा. एक-दोन पाऊस झाले की तो बसतो.

टप्पा ६: माळरानावर जागेवर कलम

पाणी कमी आणि मुरूम जास्त असेल तर आंबा, सीताफळ, बोर यांच्यासाठी तयार कलम न लावता खुंटच जागेवर वाढवा. दोन वर्षे उशीर होतो म्हणून लोक टाळतात. पण पिशवीत न वाढलेले सोटमूळ पहिल्याच पावसाळ्यात सरळ खाली जाते, आणि पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात ते उशीर भरून देते.

१. आंब्याच्या कोयी रस काढल्यावर धुऊन, पाण्यात टाका. तरंगणाऱ्या फेका. बुडणाऱ्या सावलीत ठेवून शक्य तितक्या लवकर, तीन-चार आठवड्यांच्या आत लावा.

२. भरलेल्या खड्ड्यात जूनमध्ये वीतभर अंतराने तीन कोयी, फुगीर कड वर ठेवून. उगवल्यावर जोमदार दोन ठेवा.

३. पहिला उन्हाळा महत्त्वाचा. बुडाशी आच्छादन, तुराट्यांचा आडोसा, आठवड्याला एक घागर पाणी. तेही बुंध्यापासून थोडे दूर, म्हणजे मूळ पाण्याच्या मागे जाईल.

४. दुसऱ्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये खुंटाला तांबूस नवती (नवी पालवी) आली की मृदूकाष्ठ कलम करा. केसरची तीन-चार महिने वयाची, खुंटाएवढ्याच जाडीची कलमकाडी निवडा. काडी काढण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच तिची पाने देठ ठेवून कापा. देठ हात लावताच गळून पडले आणि टोकाचा डोळा फुगला की काडी तयार.

५. कोवळ्या शेंड्यात दीड-दोन इंच उभी चीर, काडीला तेवढीच पाचर, साल सालीला भिडवून पट्टी घट्ट. खुंटाची खालची काही पाने ठेवा. वर प्लॅस्टिकची लांब टोपी. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढा.

६. दोन्ही रोपांवर कलम करा, पुढच्या वर्षी चांगले ठेवून दुसरे जमिनीलगत कापा. उपटू नका, शेजारची मुळे दुखावतात.

बोरासाठी रानबोराचे रोप उन्हाळ्यात जमिनीपासून थोड्या उंचीवर छाटा आणि पावसाळ्यात येणाऱ्या नव्या फुटीवर डोळा भरा. बोराचे रोप उपटून दुसरीकडे लावण्याच्या भानगडीत पडू नका, सोटमूळ तुटले की ते मरते.

सावधान: शेळ्या. जागेवरच्या कलमाचा सर्वांत मोठा शत्रू चुनखडी नसून मोकाट जनावर आहे. काटेरी झापे पहिल्याच दिवशी लावा.

टप्पा ७: लावणी आणि पहिली तीन वर्षे

तयार कलम लावत असाल तर जोड जमिनीच्या वर किमान वीतभर राहिलाच पाहिजे, खड्डा बसल्यानंतरही. जोड मातीत गेला की कलमाला स्वतःची मुळे फुटतात किंवा बुंधा सडतो, आणि ज्या खुंटासाठी एवढी धडपड केली तो बाजूला पडतो. पिशवी ब्लेडने उभी कापा, गोल फिरलेले टोक सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) स्वच्छ छाटा, मातीचा गोळा फोडू नका.

खुंटावरचे फुटवे पंधरा दिवसांनी बघायचेच. कोवळे असताना बोटाने खाली ओढून काढा. कापले तर तिथून पुन्हा चार येतात. मोसंबीत खुंटाचा फुटवा कलमापेक्षा जोरात वाढतो आणि बघता बघता तुमच्या बागेत मोसंबीऐवजी आंबट लिंबू उभे असते.

खत बुंध्याशी टाकू नका. पानांच्या सावलीची कड जिथे पडते तिथे, दरवर्षी ती कड जशी बाहेर सरकेल तसे. मूळ अन्नाच्या मागे जाते. त्याला घरात आणून जेवू घातले तर ते बाहेर कशाला पडेल? चुनखडीत नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट घ्या, मुळाभोवती थोडी आम्लता राहते. एकदम मोठा हप्ता देण्यापेक्षा पावसाळ्यात आणि त्यानंतर तीन-चार छोटे हप्ते. हलक्या जमिनीत खत टिकत नाही.

पाणी मोजून. चुनखडीच्या जमिनीत जास्त पाणी दिले की झाड जास्त पिवळे पडते, कारण हवा नसलेल्या ओल्या मातीत बायकार्बोनेट वाढते. पिवळे दिसले की पाणी वाढवायचे, ही सवय मोडा.

सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट, तुरीचा पाला, जे मिळेल ते आळ्यात पसरा, बुंध्यापासून वीतभर मोकळी जागा ठेवून. ओळींमध्ये मूग, उडीद किंवा ताग घ्या, ताग फुलोऱ्यात गाडा. पहिली तीन वर्षे आंब्याचा मोहोर आणि मोसंबीचे फूल काढून टाका. मुळे अजून कर्जात असतात, त्यांच्याकडून फळ मागू नका.

मोसंबीच्या बुंध्याला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम लावा: मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा आणि त्याच दिवशी वापरा.

टप्पा ८: पान वाचणे आणि मग औषध

दुकानात जाण्याआधी एक पान तोडून उन्हाकडे धरा. कोणते पान पिवळे पडले, यात निम्मे उत्तर आहे.

शेंड्याचे नवे पान पिवळे, पण शिरांचे हिरवे जाळे बारीक रेषेपर्यंत स्पष्ट दिसते: लोह. पान लहान, अरुंद, शिरांमध्ये पिवळे ठिपके, शेंड्याशी पाने गुच्छासारखी जवळ आलेली: जस्त. खालची जुनी पाने सरसकट फिकी: नत्र. जुन्या पानाच्या देठाजवळ हिरवा त्रिकोण उरलेला आणि बाकी पिवळे: मॅग्नेशियम. एकाच फांदीची सगळी पाने मलूल आणि पिवळी: अन्नद्रव्य नव्हे, त्या बाजूचे मूळ किंवा बुंधा खरवडून बघा.

लोहासाठी फेरस सल्फेट नुसते चुनखडीत टाकले तर काही दिवसांतच गंजासारखे होऊन बसते. ते शेणखतात मुरवून द्या. चिलेटेड (विरघळत्या रूपात बांधून ठेवलेले) लोह घेताना डब्यावर ईडीडीएचए लिहिलेले घ्या. ईडीटीएवाले स्वस्त असते, पण आपल्या सामूत ते टिकत नाही. फवारणीला झिंक सल्फेट ५० ग्रॅम दहा लिटर पाण्यात, त्यात २५ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी. फेरस सल्फेट त्याच प्रमाणात वेगळे फवारा. नवती पूर्ण उघडली की, सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर.

फवारणीने पंधरा दिवसांत नवी पाने हिरवी झाली आणि पुढच्या नवतीला पुन्हा तेच पिवळेपण आले, तर बाटली बदलत बसू नका. कुदळ घ्या, झाडाच्या सावलीच्या कडेला दोन फूट खोदा आणि तिथे आम्लाचे थेंब टाका. तिथली माती फेसाळली तर फवारणी दर नवतीला करावी लागेल हे धरून चाला, आणि त्या सरीत मेलेल्या झाडाच्या जागी पुन्हा मोसंबी न लावता सीताफळ किंवा बोराचे बी टाका.